तोंडाची खोली

संघमित्रा मॅडमनी आईसमोर छत्रीचं चित्र धरलं होतं आणि त्या वाट बघत होत्या. आईचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. घशातून काहीतरी वर चढलं आणि दातांच्या आतल्या बाजूला येऊन अडकलं. तेवढ्यात मनू म्हणाली, "छत्री." म्हणजे म्हणायचं असं तिनं काही ठरवलं नव्हतं. समोर कुणी ठेचकाळलं की आपला हात पुढे जातो, तसा तो शब्द गेला. मॅडमनी चित्र टेबलावर पालथं ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, उलट हसल्याच, आणि हसतहसतच म्हणाल्या, "मनू, तुला विचारलं का मी?" बास, एवढंच. पण मनूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण हे वाक्य मॅडमचं नव्हतंच, ते आईचं होतं. 'तुका कोणी इचारल्यान गो?' असं आई उठताबसता तिच्या तोंडावर मारायची, आणि होळीपासून ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आता ते दुसऱ्याच बाईच्या तोंडून, स्वच्छ पुस्तकी मराठीत, इस्त्री होऊन परत आलं होतं. मनूनं आईकडे बघितलं. आईच्या तोंडाची चांगली बाजू, डावी, जराशी हलली. हसली की काय ही?

परळच्या त्या मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एकाला लागून एक अशा तीन खोल्या होत्या, आणि बाहेरच्या पाट्यांवरची लांबलचक इंग्रजी नावं बाबांच्या जिभेवर बसेनात म्हणून मनूनंच त्यांना नावं ठेवली होती. पायांची खोली, हातांची खोली, तोंडाची खोली. पायांच्या खोलीत गौतम सर दोन लोखंडी दांड्यांच्या मधून आईला चालवायचे आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचे, "टाच आधी, दर्शनाताई, टाच! नवरीच्या करवलीसारखं ऐटीत!" हातांच्या खोलीत भिंतीला कड्या, बटणं, चेन, नळाच्या तोट्या ठोकलेल्या होत्या आणि कोपऱ्यात एक शेगडी होती, जिला गॅसच नव्हता. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरी काय काम करायच्या तुम्ही?" आणि मनूनं सांगून टाकलं होतं, साड्यांना फॉल लावायची, आख्ख्या घोडपदेवच्या साड्या हिच्या मांडीवरून गेल्यात. तेव्हापासून आईच्या पुढ्यात एक जुनी साडी आणि जाड सुई यायची. उजवा हात साडीवर नुसता ठेवायचा, वजनासारखा, आणि डाव्यानं टाका घालायचा. सगळ्यात लहान होती तोंडाची खोली. खिडकी नाही, एक मोठा आरसा, चित्रांचा गठ्ठा आणि मॅडम. तिथं गेलं की आईला घाम फुटायचा. चालताना कधी फुटायचा नाही. तिथं फुटायचा.

आईची जीभ म्हणजे काय होती हे त्या मॅडमना कुठून कळणार! आईच्या जिभेला चाळ टरकून असायची. नळावर, जिन्यात, गच्चीवर वाळवणं घालताना, ती मालवणीत सुरू झाली की समोरचा माणूस आपली बादली घेऊन निघून जायचा. घरात ती बाबांची वाक्यं पुरी करायची आणि मनूची तर सुरूच होऊ द्यायची नाही. मनू लहानपणी बोलताना शब्द शोधायची, म्हणजे मनात चित्र स्पष्ट असायचं, पण शब्द जरा उशिरानं यायचा. आणि तेवढ्या उशिराला आईकडे जागा नव्हती. "बोल बोल, लवकर बोल, माका कामां आसत." मग आईच ते वाक्य संपवायची, आणि ते नेहमी मनूला म्हणायचं होतं त्यापेक्षा वेगळंच निघायचं, कमी आणि चुकीचं. सातवीत शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणताना मनू मधेच थांबली, तेव्हा सगळा हॉल गप्प असताना पालकांच्या रांगेतून आईचा आवाज आला होता, "झालो गो पोपट!" लोक हसले. आईही हसली, सगळ्यांपेक्षा जोरात. घरी येताना तिनं मनूला वडापाव घेऊन दिला, म्हणजे तिच्या मनात काही वाकडं नव्हतंच, आणि तेच तर जास्त वाईट होतं. मग मनू गप्प राहायला शिकली. बाई वर्गात म्हणायच्या, हुशार आहे पण तोंड उघडत नाही.

आणि होळीच्या सकाळी आई गॅलरीत उभी राहून तिच्यावर ओरडत असताना, "मनू, तू जर आता..." एवढं म्हणून थांबली. मनूला वाटलं, चला, आज हिचेही शब्द संपले एकदाचे. असं वाटलं, खरंच वाटलं, आणि तेवढ्यात आई कठड्यावरून घसरत खाली बसली. मेंदूत गुठळी, डावी बाजू, म्हणून शरीराची उजवी बाजू आणि वाचा. दवाखान्यात बाबा नुसते टोपी हातात धरून उभे. काय झालं, कधी झालं, कुठल्या गोळ्या चालू होत्या, बीपी किती असायचं, सगळं मनूनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं ऐकून लिहून घेत होतं! आणि तिला तेव्हाच, त्या स्ट्रेचरच्या बाजूला उभं असताना, आपला आवाज ऐकू आला होता. चांगला होता. जरा जाडसर, ठाम. त्यानंतर तो थांबलाच नाही. नववीच्या वर्गात ती हात वर करायला लागली. बाईंनी तिला वक्तृत्वाला घातलं, दादरच्या स्पर्धेत तिनं पहिला नंबर मारला, आणि टाळ्या पडताना तिला वाटलं होतं की आपल्या अंगाला पंख फुटलेत, आता वरच जायचं. घरी येऊन तिनं ढाल आईच्या मांडीवर ठेवली. आईनं डाव्या हातानं ती चाचपली, वर बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी काढलं. आधीची आई असती तर काय म्हणाली असती, हे मनूला अगदी शब्दाशब्दानं माहीत होतं. शाणी मोठी! ती ढाल पुसून ठेव, धूळ खाईल.

घर तसं शांत झालं होतं. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, फक्त शेजारच्या नलूकाकी एकदा नळावर बोलून गेल्या, "अगो बाय, दर्शना बरी होऊ दे गो देवा, पण खरं सांगायचं तर कानांना जरा सुट्टी मिळाली." बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या आणि मग मनूला बघून सगळ्यांनी एकदम खोकायला सुरुवात केली. बाबा तर नवीनच माणूस झाले होते. गोदामातून आले की हातपाय धुऊन आईला स्वतःच्या हातानं भरवायचे, घास कालवून, काटे काढून, तोंड पुसून. चाळीतल्या बायका दारातून डोकावून आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "बघा जरा निलेशभावजींकडे!" हातांच्या खोलीतल्या बाईंनी बाबांना दोनदा बजावलं होतं, भरवू नका, चमचा त्यांच्या हातात द्या, सांडेल, सांडू दे, सांडलं तरच हात शिकेल. बाबा बाहेर येऊन फणफणले होते. "आजारी बायकोला हातानं जेवायला लावू? सांडल्यालं खाताना बघत बसू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मनूला बाबांचं पटलं नव्हतं, पण बाबांच्या चेहऱ्यावर भरवताना जे तेज यायचं ते तिला ओळखीचं वाटायचं. तिच्याही चेहऱ्यावर तेच येत असणार, छत्री म्हणताना. आई तोंड उघडायची, घास घ्यायची, आणि नजर भिंतीकडे.

रोज संध्याकाळी घरी सराव करायचा, ही मनूची जबाबदारी होती. मॅडमनी नीट समजावलं होतं. आईला सगळं कळतं. तिच्या डोक्यात शब्द आहेत, वाट बंद आहे. तू वाक्य सुरू करायचं, 'गरम गरम', आणि थांबायचं. कितीही वेळ लागू दे. तिच्या तोंडाकडे बघ, घड्याळाकडे नको. "आणि हे पहिले महिने आहेत ना मनू, हे सोन्यासारखे असतात. मेंदू आत्ताच नव्या वाटा काढतो. नंतर तो आळशी होतो. मग आहे तेवढ्यावर राहावं लागतं." मनूला ते सगळं कळलं होतं, ती काही मठ्ठ नव्हती. संध्याकाळी ती आईसमोर स्टूल घेऊन बसायची, 'गरम गरम' म्हणायची आणि थांबायची. आईचे ओठ हलायला लागायचे. आणि त्या थांबण्यात असं काहीतरी होतं की मनूच्या अंगावर मुंग्या चढायच्या. जिन्यात कुणाची तरी पावलं वर येताना ऐकू यावीत आणि कोण येतंय ते माहीत असावं, तसं. मग ती म्हणायची, "चहा! चहा गं आई. बरं, आता माझं ऐक." आणि उभी राहून ती आपलं भाषण म्हणायची. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी विषय होता, 'मोबाइल: शाप की वरदान'. हातवारे करून, आवाज चढवून, पाडून, मधे टाळ्यांसाठी जागा सोडून. आईसारखा श्रोता मुंबईत मिळाला नसता. मधे बोलणार नाही, हसणार नाही, उठून जाणार नाही. कधीकधी आईचं तोंड अजून 'च'पाशीच असायचं आणि मनू तिसऱ्या परिच्छेदावर पोचलेली असायची.

तरीही आई पुढे सरकत होतीच. छत्रीच्या त्या दिवसानंतर मॅडमनी मनूला खुर्ची मागे, भिंतीला लावून बसवलं. गरम गरम, म्हणाल्या, आणि थांबल्या. खोलीत पंख्याचा आवाज. आईच्या कपाळावर घाम. मनूनं ओठ दाताखाली धरले होते. आणि मग तो आला, चिरका, मोडका, अर्धा नाकातून, पण आईचा: "च... हा." मॅडमनी टेबलावर थाप मारली, "वा दर्शनाताई, वा!" आई आरशात स्वतःकडे बघत राहिली, आपल्याच तोंडातून बाहेर पडलेल्या त्या चहाकडे. मनूनंही टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवतानाच ती मनात पुढचं मोजत होती. आज चहा. उद्या पाणी, परवा नको, आणि मग एक दिवस गप. गप रव. आणि त्या दिवशी आपला हा नवा जाडसर ठाम आवाज कुठे जाईल? तो या शांततेवरच तर उगवला होता, घर पडलेल्या जागेवर पिंपळ उगवतो तसा. निघताना मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "आता गणपतीत आपली सुट्टी. एक लक्षात ठेव. आरती आई कदाचित पूर्ण म्हणेल, शब्द न चुकता. आकडे म्हणेल, एखादी शिवीसुद्धा देईल. घरचे हुरळून जातात. पण पाठ झालेलं आणि सुचलेलं ही दोन वेगळी कपाटं असतात मेंदूत. पाठाचं कपाट शाबूत आहे. दुसऱ्याची किल्ली आपण शोधतोय. घरी समजावून सांग. तू छान समजावतेस."

परतीच्या बसमध्ये आईला खिडकीशी बसवून मनू तिला टेकून उभी होती. मागून एक माणूस उगाचच चिकटत होता आणि मनूला, वक्तृत्वातल्या पहिल्या नंबराला, शब्द सुचेना. सहावीत असताना असंच झालं होतं, तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, "मेल्या, घराक आवस-भयण नाय काय तुका?" आणि ते अशा आवाजात की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, सगळी बस वळून बघायला लागली आणि तो माणूस स्टॉप नसतानाच उतरून गेला. आता आईनं मान वळवली. तिनं बघितलं. तिला कळलं. तिचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लालभडक झाला, आणि नुसता "अ... अ..." असा आवाज निघाला. माणसानं तिच्याकडे बघितलं, वेडी आहे असं ठरवलं आणि जरा सरकून उभा राहिला. आई घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. तिचा डावा हात मात्र मनूच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून होता. मनूला त्या रात्री काही केल्या जेवण गेलं नाही. हिला बोलता यायलाच हवं, असं तिनं स्वतःशी शपथेवर म्हटलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, मग तुझं काय?

गणपती आले. त्यांच्या खोलीत मूर्ती बसली, पहिल्या आरतीला दारापर्यंत आणि दाराबाहेर गॅलरीत माणसं दाटली. आईला भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं, हिरव्या साडीत. साडी बाबांनी नेसवली होती आणि ते सगळ्यांना सांगूनही झालं होतं. झांजा सुरू झाल्या, आवाज चढले, आणि दुसऱ्या ओळीला मनूच्या कानावर एक आवाज आला आणि हातातल्या तबकासकट ती मागे वळली. आई गात होती. नुसती पुटपुटत नव्हती, गात होती. खणखणीत, सुरात, शब्दाला शब्द, एकही अक्षर न गाळता. पुढच्या माणसांनी वळून बघितलं, मग त्यांच्या पुढच्यांनी. आरती म्हणताम्हणता एकेक जण थांबत गेला आणि शेवटच्या कडव्याला झांजा आणि आईचा आवाज एवढंच उरलं. नलूकाकींनी पदर डोळ्यांना लावला. बाबा रडायलाच लागले. "बाप्पानं ऐकलं," म्हणाले, "बाप्पानं माझी सेवा बघितली."

मग मात्र खोलीतली हवा बदलली. आईला घेरून सगळे एकदम बोलायला लागले. "काय गो दर्शना, आरती खडाखडा, आणि आम्ही सकाळी विचारतो कशी आहेस तर तोंडात गुळणी?" "म्हणजे येतंय हो सगळं, लाड करून घेतेय नवऱ्याकडून!" "आमच्या सासूचं असंच होतं." हशा पिकला. आईचे डोळे मोठे झाले. तिनं तोंड उघडलं. "न... न..." "अगो, आता कशी अडखळते बघा, नाटकी!" बाबांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आता ते परळ-बिरळ बंद. चित्रं दाखवून पोरासोरांचे खेळ करतात तिथं. देवानं केलं ते बास आहे. चालतेय, बोलतेय, राहिलं काय?" आई जोरजोरात मान हलवत होती, डावा हात हवेत, "न... प... प..." आणि कुणीतरी त्या हातावर प्रसाद ठेवला. तेव्हा तिनं मनूकडे बघितलं. माणसांच्या मधून, सरळ. गेले कित्येक महिने तिचं प्रत्येक वाक्य मनूनं पुरं केलं होतं. आता एकच पुरं करायचं होतं. नलूकाकीही म्हणाल्या, "मनू, तू जातेस ना तिकडे? तू सांग गो, काय म्हणते तुझी मॅडम?" सगळे मनूकडे बघायला लागले. एवढे श्रोते, एवढी शांतता! तिच्या जिभेवर सगळं तयार होतं: दोन कपाटं, किल्ली, सोन्यासारखे महिने. तिला माहीत होतं की ती ते अशा काही झोकात सांगेल की बाबा उद्याच आईला टॅक्सीत घालतील. तिनं तोंड उघडलं. आणि मनात आलं, मॅडमनीच सांगितलंय ना, आईच्या वतीनं बोलायचं नाही, तिला वेळ द्यायचा. किती सोयीचं आलं ते मनात! "म्हणाली ना छान आरती," मनू म्हणाली, आणि तबक पुढच्या माणसापुढे धरलं. आई तरीही प्रयत्न करत होती. तिला भरपूर वेळ मिळाला. माणसं चपला शोधून गेली, बाबांनी समईत तेल घातलं, आणि ती अजून 'प'वरच होती.

त्यानंतर आई काही म्हणायला गेलीच नाही. चहा हवा असला तरी नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवसापासून ती आरतीलाही तोंड मिटून बसली, तर बाबा म्हणाले, "बघ, आता आरतीचाही कंटाळा. आहेच मुळात हट्टी." संध्याकाळी मनूनं 'गरम गरम' म्हणून बघितलं. खरंच थांबली ती, मनापासून, आतून कुणीतरी ढकलत असल्यासारखी. बाहेर गॅलरीत अंधार पडला तरी थांबली. आईनं तिच्याकडे बघितलं, ओठ घट्ट दाबून. मनूनं त्या दिवशी भाषण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं.

सुट्टी संपून नवा आठवडा लागला आणि दुपारी, बाबा कामावर असताना, फोन वाजला. आई खुर्चीत होती, मांडीवर एक साडी, डाव्या हातात सुई, उजवा हात साडीवर वजनासारखा. फॉलची कड तिरकी चालली होती. "मनू, मी संघमित्रा. आला नाहीत तुम्ही. आई कशा आहेत?" मनू म्हणाली, "छान आहे मॅडम. आरती पूर्ण म्हटली तिनं." मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुला त्याबद्दल. घरी बोललीस?" मनू म्हणाली, "हो. म्हणजे बाबा म्हणाले, आता बरी आहे." "बाबांचं नंतर बघू. आई जवळ आहेत? त्यांच्याकडे फोन दे. मला त्यांनाच विचारायचंय, त्यांना यायचंय का. कितीही वेळ लागू दे, मी थांबते." फोनमधून आवाज बाहेर येत होता. आईनं सुई साडीत खोचली. तिचा हात पुढे आला, उघडा, तळवा वर, आणि ओठ उघडून जुळवाजुळव करायला लागले. मनू त्या ओठांकडे बघत राहिली. 'य' होता तो. नक्की 'य' होता. फोन द्यायला हातभर अंतर होतं.

"मॅडम, आई झोपलीय," मनू म्हणाली. जाडसर, ठाम, एकही अक्षर न अडखळता.

आई तिच्याकडे बघत होती. मग तिनं हात मागे घेतला, साडीवर ठेवला, आणि सावकाश डोळे मिटून घेतले.